बेडरूममध्ये वायफाय मरतंय – सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

बी-४०२ : नमस्कार, एक विचारायचं होतं. आमचा फायबरचा डबा दारामागे चपलांच्या कपाटावर ठोकलाय, हॉलमध्ये नेट पळतं पण आतल्या बेडरूममध्ये मुलाचा ऑनलाइन क्लास सुरू झाला की सर हँग, कंपनीचा माणूस म्हणतो प्लॅन वाढवा. ३०० एमबीपीएस स्पीडचा घेऊ का?

ए-१०३ : ताई प्लॅनला हात लावू नका. डब्यापर्यंत नेट पूर्ण येतंय, पुढे भिंतीत अडतंय. वेगळा राउटर घ्या आणि घराच्या मधोमध ठेवा.

सी-२०१ : आम्हीपण नवीन राउटर आणलाय, पण फायबरची वायर त्यात बसतच नाही, भोकच वेगळं आहे 😡 जुना डबा काढून टाकायचा ना?

ए-१०३ : नाही काका, तो राहू दे. फायबरमधून प्रकाश येतो, तो ओळखून त्याचं नेट करायचं काम त्या डब्याचं, ओएनटी म्हणतात त्याला, म्हणजे आपल्या भाषेत मोडेम. दुकानातल्या साध्या राउटरला ते जमत नाही. आणि ती हिरव्या टोकाची वायर ओढू-दुमडू नका, एलओएसचा (प्रकाश येत नसल्याचा) लाल दिवा लागला की बसा केबलवाल्याची वाट बघत. डब्याच्या लॅन पोर्टमधून (जिथून नेट बाहेर निघतं) कॅट सिक्स, म्हणजे साधी नेटची वायर काढा आणि नवीन राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (जिथून नेट आत येतं) घाला, त्याचा रंग बहुतेक वेगळा असतो.

सी-२०१ : घातली. नेट आलं. पण आता मोबाइलवरून प्रिंट जात नाही.

ए-१०३ : प्रिंटर जुन्या वायफायवर असेल आणि मोबाइल नव्यावर. दोन्ही डबे राउटरगिरी करतायत, दोघंही मोबाइल-प्रिंटरला आपापले आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते वाटतायत, त्यामुळे दोन वेगळी नेटवर्क झालीत. सेटिंगमध्ये जाऊन नवीन राउटर ॲक्सेस पॉइंट मोडला टाका, म्हणजे तो नुसतं वायफाय पसरवेल, मग आयपी फक्त जुना डबा देईल.

डी-५०४ : ब्रिज मोड का नाही सांगत? मी तेच केलंय, डबा नुसता मोडेम आणि बाकी सगळं राउटर.

ए-१०३ : चांगलंच आहे ते, पण त्याला पीपीपीओईचा, म्हणजे कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायचा युझरनेम-पासवर्ड लागतो, कधीकधी व्हीलॅन नंबरपण (कंपनीच्या लाइनचा सेटिंगमधला नंबर), तो कंपनीकडून काढायला कस्टमर केअरशी भांडत बसावं लागतं आणि काही कंपन्या ब्रिज करूच देत नाहीत. लँडलाइन त्याच डब्याला असेल तर आधी विचारून घ्या. काकांना ॲक्सेस पॉइंटच बरा.

बी-४०२ : ऑनलाइन एक स्वस्तातला दिसतोय, ४ अँटेना, १२०० स्पीड. घेऊ?

ए-१०३ : अँटेना नका मोजू, पोर्ट बघा. १०/१०० लिहिलं असेल तर वायरनेच ९५ एमबीपीएसच्या आसपास अडकणार, मग ३०० चा प्लॅन घेऊन काय उपयोग. गिगाबिट (१००० वाले) पोर्ट हवेत. आणि ते १२०० म्हणजे राउटरच्या दोन वायफाय बँडची, २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची बेरीज करून वर गोल केलेला आकडा, एका मोबाइलला तेवढं कधीच मिळत नाही.

डी-५०४ : ५ वाला फास्ट पण भिंत आली की ढेपाळतो. २.४ लांब जातो, पण बिल्डिंगमध्ये सगळ्यांचाच तो, चॅनेल १, ६, ११ पैकी मोकळं असेल ते लावा. आणि लाइट गेल्यावर नेट हवं असेल तर दोन्ही डबे बॅकअपवर घ्या, एकटा राउटर चालू राहून काही होत नाही.

सेक्रेटरी : वायर कृपया पॅसेजमधून किंवा डक्टमधून फिरवू नये, आत्ताच रंगकाम झालंय. घरातल्या घरात केसिंग पट्टीतून न्यावी.

बी-४०२ : हो हो, घरातूनच नेणार.

सी-२०१ : ॲक्सेस पॉइंट झालं, प्रिंट आली 👍 पण आता मोबाइलमध्ये दोन वायफाय दिसतात, आमची ही विचारते कुठलं लावायचं.

ए-१०३ : डब्याचं वायफाय बंद करा आणि नवीन राउटरला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड द्या. टीव्ही, मोबाइल, प्रिंटर आपोआप लागतील, काकूंना काहीच करायला नको. फक्त राउटरचा ॲडमिन पासवर्ड (सेटिंग उघडायचा, वायफायचा नाही) बदला आणि कुठेतरी लिहून ठेवा.

सी-२०१ : कॅलेंडरच्या मागे लिहिला.

डी-५०४ : काका, ३१ डिसेंबरनंतर काय? 😄