तालमीची सहल यंदा तुरुंग बघायला: नगरचा भुईकोट कसा करावा?

कट्ट्यावरचा_संभा (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. आमच्या तालमीची दरसाल सहल निघते आणि ती गोव्याला नाहीतर मालवणला जाते. ठिकाण ठरवायचं नसतंच, फक्त वर्गणी ठरवायची. यंदा घोळ झालाय. आमच्या वस्तादांनी कट्ट्यावर विषय काढला, की आपल्या गादीच्या चौथ्या शिवाजी महाराजांना इंग्रजांनी नगरच्या किल्ल्यात डांबलं, नगरलाच ते गेले, तुमच्यातल्या एकानं तरी ती जागा बघितलीय का? सगळे गप्प. त्यात एक जण म्हणाला, "वस्ताद, चौथे म्हणजे शाहू महाराजांचे कोण?" झालं. वस्ताद असे भडकले की सहल नगरला, हे तिथंच पक्कं.

आणि बघायचं-ठरवायचं लोढणं माझ्या गळ्यात. माणसं पंधरा-सोळा, त्यात गुडघेदुखीवाले चार, शाळेतली पोरं दोन. किल्ला लष्कराकडं आहे म्हणतात, मग आत सोडतात काय? चढ किती? आत बघायला काय आहे? रेल्वे की गाडी? एवढ्या लांब जाऊन बंद दार बघून आलो तर तालमीत मला वर्षभर कुणी जगू द्यायचं नाही, तेव्हा खात्रीचं असेल तेवढंच सांगा.

बावड्याची_लेक

संभादादा, माझं माहेर कसबा बावडा, सासर नगर. माहेरचं कुणी आलं की किल्ला दाखवायचं काम माझ्याकडेच असतं, त्यामुळे विचारलंत ते योग्य माणसाला.

आत सोडतात. लष्कराचा पहारा आहे, ओळखपत्र बघतात. प्रत्येकाचं आधार कार्ड बरोबर असू द्या, "एकाचं बघा की, आम्ही सगळे एकाच तालमीतले" हे तिथं चालत नाही. लष्कराचं काही काम असलं तर बंदही असू शकतं, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा. सकाळी जा. फोटो काढायच्या आधी पहाऱ्यावरच्या जवानाला विचारा.

चढाचं म्हणाल तर नावच भुईकोट. पन्हाळा बघून मोठे झालेल्या आपल्या लोकांची इथं पंचाईत होते, कारण किल्ला लांबून दिसतच नाही. बाहेर मातीचा उतार, झाडी, मग एकदम रुंद खंदक आणि पलीकडे बुरूज. माझे वडील खंदकाच्या काठावर उभे राहून मला विचारत होते, "किल्ला कुठाय गं?" १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीनं घेतला तो हाच किल्ला. पुढं इंग्रजांनी तो कैदी ठेवायला पुष्कळ वापरला, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातले कैदीसुद्धा इथं आणले होते.

आत दाखवतात ती नेत्यांची बराक. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत धरपकड झाली आणि काँग्रेसच्या कार्यकारिणीतले बारा जण इथं आणले गेले: नेहरू, पटेल, मौलाना आझाद, कृपलानी, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. नेहरूंची खोली जपलेली आहे. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यांनी इथंच लिहिलं, एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत, हातानं, हजारावर पानं. खोलीपेक्षा मला अंगण आवडतं. तिथली जमीन खडकाळ, जुन्या बांधकामाच्या राड्यारोड्यानं भरलेली. नेहरू त्यात बागकाम करायचे. खणताना जुन्या भिंती लागल्या, घुमटांचे माथे लागले, आणि भिंतीवर कोरलेलं एक दगडी कमळ निघालं. हे त्यांनीच लिहून ठेवलंय. आझादांनी इथून मित्राला पत्रं लिहिली, पाठवायची सोय नसताना. पुढं त्यांचंच 'गुबार-ए-खातिर' झालं. १९४३ मध्ये त्यांची बायको कलकत्त्यात गेली आणि हे इथं आत. पोरांना एवढं सांगा, बाकी सनावळ्या नकोत.

आता वस्तादांचा विषय. चौथे शिवाजी महाराज १८७१ मध्ये गादीवर दत्तक आले. डोक्यावर परिणाम झालाय असं ठरवून त्यांना इथं नगरला ठेवलं. २५ डिसेंबर १८८३ ला पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि महाराज गेले. वय वीस. समाधी नगर शहरात आहे, किल्ल्यात नाही. गाडीवाल्याला हे आधीच सांगा, नाहीतर किल्ला झाला की तो थेट शिर्डीच्या रस्त्याला लागेल. किल्ल्यात येणारे सगळे नेहरूंच्या खोलीकडे वळतात, महाराजांबद्दल तिथं वस्तादांनाच बोलू द्या.

आणि कट्ट्यावरच्या त्या शहाण्याला सांगा: महाराजांच्या मागं आनंदीबाई राणीसाहेबांनी १७ मार्च १८८४ ला कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक घेतले. तेच शाहू महाराज. म्हणजे चौथे शिवाजी हे त्यांचे दत्तक वडील.

गार्डसाहेब_निवृत्त

रेल्वेचं मी सांगतो. महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापुरातून पुणे, दौंड करत नगरला जाते, पण दुपारी सुटते आणि नगरला आडरात्री उतरवते. चार म्हातारी माणसं आणि पोरं घेऊन मध्यरात्रीनंतर स्टेशनवर बसायची हौस असेल तर जरूर जा. नाहीतर टेम्पो ट्रॅव्हलर करा, पहाटे निघा. पुण्यात नगर रोडवरच आगाखान पॅलेस लागतो, वाट वाकडी करावी लागत नाही. तोही तुरुंगच होता. नगरला बारा जण नेले त्याच दिवशी गांधीजींना इथं आणलं. महादेवभाई देसाई आठवड्याच्या आतच, १५ ऑगस्टला गेले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. दोघांच्या समाध्या आवारातच आहेत. मुक्काम नगरला, किल्ला दुसऱ्या दिवशी सकाळी.

येरवड्याला उतरू नका. तिथं २६ जानेवारी २०२१ ला कारागृह पर्यटन सुरू झालं हे खरं, पण ते चालू कारागृह आहे, परवानगीशिवाय काही नाही. तुमच्या लोकांना दारात उभं राहून वाट बघणं जमेल असं वाटत नाही.

जुना_केसरीवाला

वस्तादांना टिळक-आगरकरांचं विचारा. कोल्हापूरचे कारभारी रावबहादूर बर्वे महाराजांचा छळ करतात असं 'केसरी' आणि 'मराठा'त छापून आलं, बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून सुटले. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. भाषणात हे आलं की लोक टाळ्या वाजवतात. ज्या पत्रांच्या भरवशावर छापलं ती बनावट निघाली होती आणि दोघांनी माफी मागितली होती, एवढा भाग मात्र नेमका गाळतात. माझ्या मते तोही सांगावा, त्यानं त्या दोघांची उंची कमी होत नाही. महाराजांचे हाल झाले हे पुढच्याच वर्षी नगरला दिसलं.

रंकाळ्याचा_वारा

एवढं सगळं करण्यापेक्षा अंदमानला जा की! सेल्युलर जेल एकदा बघितलं की बाकीचे तुरुंग खोल्या वाटतात.

कट्ट्यावरचा_संभा

भावा, अंदमानची वर्गणी तू भर, आम्ही उद्या निघतो.

बावड्याच्या ताई, गार्डसाहेब, केसरीवाले काका, लई उपकार. तुमचं सगळं कट्ट्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. बनावट पत्रांपाशी वस्ताद अडले, पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "माहीत होतं मला." खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. गाडी ठरवतोय. पोरांसाठी नगरला आणखी काही आहे का? आणि ताई, जेवणाचं काय? तिखट मिळतं का तिकडं?

बावड्याची_लेक

पोरांना रणगाडा संग्रहालय दाखवा, तिथून ती निघायचीच नाहीत. तिखट मिळतं, पांढरा रस्सा मात्र मागू नका, उगीच वाद होतात. यायची तारीख कळवा. आणि येताना बावड्यातून माझ्या आईनं दिलेली चटणीची पिशवी घेऊन या, पत्ता खासगीत पाठवते.