मदत हवी आहे: बग्गीतलं पल्सरचं इंजिन काढून मारुती ८०० चं बसवतोय, गिअरच्या दांडीपाशी अडलोय

बोंडूवाला:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमचं काजूचं भाट (म्हणजे बाग) गोव्यात, सत्तरीत, वाळपईच्या पुढे. डोंगराची उतरण, मध्ये एक व्हाळ (ओढा), आणि वर जायला वाट अशी नाहीच. चिऱ्याचा खडक आणि त्यावर घसरडा पालापाचोळा. मार्च ते मे बोंडू (काजूची फळं) खाली भट्टीपर्यंत आणायचे तर डोक्यावरून, नाहीतर कोणाची तरी जीप सांगायची आणि ती येईपर्यंत बोंडू आंबायची वाट बघायची. म्हणून दोन वर्षांपूर्वी बग्गी (रानात चालवायची उघडी गाडी) केली. वेल्डिंग शेजारच्या दादांचं. ते खाणीवरच्या टिपरच्या बॉड्या करायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग थोडं सुरू झालं, २०१८ मध्ये परत बंद. तेव्हापासून ते खिडक्यांचे ग्रिल करतात आणि ग्रिलला जाम कंटाळलेत. मी कागदावर बग्गीचं चित्र काढून दाखवलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पाइप कापायला हजर!

सांगाडा सी क्लास (जाड) पाइपचा. मागे पल्सर २२० चं इंजिन, तिथून चेन, आणि मागच्या दोन्ही चाकांना मिळून एकच सरळ शाफ्ट; डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नाही. मागची चाकं जिप्सीची, १५ इंची.

चढते, त्याबद्दल तक्रार नाही. पण रिव्हर्स नाही हो. दोन झाडांच्या मध्ये नाक घातलं की उतरायचं आणि दोघांनी मागून ओढायची. क्लचच्या प्लेटी एका मोसमात दोनदा गेल्या. चेन तर चिऱ्याची लाल पूड खाऊन खाऊन अशी वाढते की दर आठवड्याला ताणून घ्यावी लागते, आणि तुटते ती नेमकी व्हाळात.

आता काकांची १९९८ ची मारुती ८०० मिळालीय, फुकट. कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची. फणसाखाली उभी राहून राहून खालचा पत्रा पापडासारखा झालाय, पण इंजिन अजून पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठतं. ते गिअरबॉक्ससकट बाहेर काढलंय.

अडलंय ते इथे. ८०० चं इंजिन आणि गिअरबॉक्स म्हणजे आडवा एकच ठोकळा, आणि गिअरची दांडी त्यातून मागे, गाडीत बसलेल्या माणसाकडे येते. मी ठोकळा सीटच्या मागे ठेवणार, म्हणजे दांडी शेपटीसारखी बाहेरच्या बाजूला जाते. म्हणून आम्ही अख्खा ठोकळाच फिरवला. दांडी पुढे आली, बरोबर दोन सीटच्या मध्ये, आणि इंजिन ॲक्सलच्या मागे गेलं. चार टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते टाके) मारून ठेवलेत. दादा खूश आहेत.

माझे प्रश्न: मागे एवढं वजन चालेल का? रेडिएटर कुठे लावू? कार्ब्युरेटर ठेवू की एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवालं) इंजिन शोधू? आणि जिप्सीचीच चाकं लावली तर चालतील का? जाणकारांनी सांगावं. गणेशचवथीपर्यंत पाऊस आहे, तोवर शेडमध्ये काम करायला वेळच वेळ आहे.


तीन सिलिंडर:

थांबा! ते टॅक पक्के करू नका.

ठोकळा फिरवलात म्हणजे चाकांची दिशाही फिरवलीत. इंजिन त्याच्याच दिशेने फिरणार, पण तुम्ही त्याच्याकडे आता पाठीमागून बघताय. तुमच्या बग्गीला पुढे जायला एक गिअर असेल आणि मागे जायला चार.

खात्री करून घ्या, फार वेळ लागत नाही. दोन्ही चाकं जमिनीवरून उचला, प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल, पहिला टाका, आणि क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या चालायच्या दिशेने फिरवा. एक चाक कोणाला तरी घट्ट धरायला सांगा. दुसरं कुठे जातं ते बघा.

ठोकळा कारमध्ये होता तसाच, तोंड न फिरवता, सरळ मागे सरकवा. इंजिन ॲक्सलच्या पुढे, सीटच्या पाठीला येईल. दिशाही बरोबर आणि तुमचा वजनाचा प्रश्नही बराचसा तिथेच सुटतो. आत्ता तुम्ही अख्खं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलंय. चढावर पुढची चाकं जमिनीला टेकली तर नशीब.


कोपऱ्यातला पाना:

रिव्हर्सच हवा होता ना? घ्या, एकदम चार.


बोंडूवाला:

:) पाना, हसून घ्या.

तीन सिलिंडर, आत्ताच शेडमधून आलो. पुतण्याला एक चाक धरायला लावलं, मी पाना मारला. तुम्ही म्हणता तसंच. दुसरं चाक आरामात मागे गेलं. दादा पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग ग्राइंडर उचलला.

एक शंका. परदेशातल्या बीटलच्या बग्ग्यांत गिअरबॉक्स उघडून क्राउन (चाकांचे शाफ्ट फिरवणारा मोठा गिअर) दुसऱ्या बाजूला बसवतात म्हणे, दिशा उलटवायला. ८०० मध्ये होईल का ते?


तीन सिलिंडर:

नाही. बीटलचं इंजिन उभं असतं, त्यामुळे तिथे क्राउन आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर, पिनियन, हे बेव्हल असतात, काटकोनात भिडणारे. क्राउन पिनियनच्या दुसऱ्या अंगाला बसवला की दिशा बदलते. ८०० चं इंजिन आडवं, सगळे शाफ्ट एकमेकांना समांतर आणि शेवटची जोडी साध्या तिरक्या दात्यांची. ती कशीही बसवा, दिशा तीच राहते. गिअरबॉक्स उघडूच नका.

आता दांडी. ती मागे तोंड करून राहील, राहू द्या. तिला दोनच कामं असतात: पुढे-मागे सरकणं आणि स्वतःभोवती पिळणं. दोन केबल लागतात. केबलवर गिअर चालणाऱ्या कोणत्याही गाडीचा लिव्हर दोन्ही केबलींसकट भंगारवाल्याकडून आणा. गिअरबॉक्सपाशी एक केबल दांडीला सरळ जोडायची, दुसरी दांडीवर वेल्ड केलेल्या छोट्या हाताला, पिळण्यासाठी. पहिल्यांदा जोडाल तेव्हा पहिला आणि दुसरा अदलाबदल होण्याची शक्यता दाट. घाबरू नका. लिव्हरवर केबल बिजागरीच्या खाली जोडली असेल तर वर घ्या, ढकलणं-ओढणं उलटं होतं. केबलीचं बाहेरचं आवरण दोन्ही टोकांना पक्कं धरलेलं हवं, नाहीतर केबलच वाकते आणि गिअर अर्धवट पडतो.


ओम्नीवाला काका:

मी असतो तर ८०० ला हातच लावला नसता. ओम्नी घेतली असती. इंजिन तेच ७९६ सीसी, पण उभं बसवलेलं, गिअरबॉक्स त्याच्या पाठीमागे, मग प्रोपेलर शाफ्ट आणि मागे सबंध ॲक्सल. दिशेची भानगड नाही, दांडीची नाही. अर्थात फुकटच्या गाईचे दात मोजू नयेत.


रानवाट:

बोंडूवाले, इंजिनाबद्दल सगळे बोलले, चाकांबद्दल मी सांगते.

एक म्हणजे साइज. ८०० ची चाकं १४५/७० आर १२, बाहेरून मोजली तर सुमारे ५१ सेंमी. जिप्सीची २०५/७० आर १५, सुमारे ६७. म्हणजे प्रत्येक गिअर जवळपास ३० टक्के लांब होणार आणि पहिल्याची ताकद दुसऱ्याकडे झुकणार. तुम्हाला तर चढावर बोंडू ओढायचेत. शिवाय जिप्सीचं हब पाच बोल्टचं, ८०० चं चार, मध्ये अडॅप्टर घालावा लागेल आणि चाक तेवढं बाहेर येईल. १३ इंची चाकं बघा. १५५/८० आर १३ सुमारे ५८ सेंमी भरतं, म्हणजे १४ टक्क्यांवर भागतं. बोल्टांमधलं अंतर जुळतंय का ते मात्र मोजून घ्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आत्ता तुमची दोन्ही चाकं एकाच शाफ्टवर आहेत, म्हणून एक हवेत गेलं तरी दुसरं ओढतं. ८०० च्या गिअरबॉक्समध्ये डिफरन्शियल आहे. एक चाक उचललं की सगळा जोर त्यातच जाणार आणि ते भिरभिरत बसणार. ताकद दुपटीने वाढली तरी चिखलात तुमची जुनी पल्सरच बरी वाटेल. काही लोक डिफरन्शियल आतून वेल्ड करून टाकतात. तसं करू नका, प्रत्येक वळणाला सगळा ताण बारीक शाफ्ट आणि सीव्ही जॉइंटवर (शाफ्टच्या वाकणाऱ्या सांध्यावर) येतो. मागच्या दोन चाकांना दोन वेगळे हातब्रेक लावा, लिव्हर शेजारी शेजारी. जे चाक भिरभिरतंय त्याचा ब्रेक ओढला की जोर दुसऱ्याकडे जातो. अरुंद जागेत वळायलाही हेच कामाला येतं. दोन झाडांमध्ये अडकायचा तुमचा प्रश्न निम्मा तिथेच गेला.

आणि पुढच्या चाकांचं नकल (चाक धरून ठेवणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) जसंच्या तसं मागे वापरणार असाल तर टाय रॉडची (चाकं वळवणाऱ्या सळ्यांची) टोकं सांगाड्याला पक्की बांधा. नाहीतर मागची चाकंही स्टिअरिंग करायला लागतील. स्टॅबिलायझर बार फालतू समजून भंगारात टाकू नका, ८०० मध्ये खालच्या आर्मला पुढे-मागे धरून ठेवणारा तोच आहे. शाफ्ट कापून, मध्ये पाइप घालून लांब करायचा मोहही टाळा, मागची रुंदी ८०० चीच ठेवा.


तीन सिलिंडर:

रानवाटबाईंना अनुमोदन, विशेषतः शाफ्टबद्दल. सीव्ही जॉइंटचे रबरी बूट नवीन घाला. बूट फाटून आत लाल चिखल गेला की जॉइंट फार दिवस टिकत नाही.

कार्ब्युरेटरच ठेवा. एमपीएफआय म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंगचा अख्खा गुच्छ, टाकीतला पंप. भाटात बंद पडलं तर तिथे कोण बघणार? तुमच्या इंजिनाचा पेट्रोल पंप हेडवरच आहे, कॅमशाफ्टवर चालतो. फार तिरप्या चढावर कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटमुळे भकभकेल, तेवढं सोसा. इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, क्लच प्लेट, दोन्ही बाजूंचे ऑइल सील बदला. एकदा ते सीटमागे गेलं की हात शिरणार नाही.

रेडिएटर सीटच्या मागे, वर, रोल बारला. पंखा विजेचाच आहे, त्यामुळे समोरून वारा नसला तरी चालतं. टोपण पाण्याच्या सगळ्या वाटेत सर्वांत उंच हवं, नाहीतर आत हवा अडकून हेड तापेल आणि काटा मात्र थंड दाखवेल. रेडिएटर आणि तुमची मान यांच्यामध्ये पत्रा घालायला विसरू नका.

व्हाळासाठी डिस्ट्रिब्युटरवर रबरी हातमोजा चढवा. तीन प्लगच्या वायरी आणि एक कॉइलची, चार बोटांतून बाहेर काढा, टोकं चिकटपट्टीने बांधा. पाचवं बोट खाली लोंबतं ठेवून त्याला बारीक भोक पाडा, आतला दमटपणा निघून जातो.


कायद्याचं बोला:

रसभंग करतो, पण ऐका. ही गाडी भाटाबाहेर रस्त्यावर आणू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी झालेल्या गाडीच्या बदलांनाच आडवं येतं; तुमच्या बग्गीची तर नोंदणीच नाही. किनाऱ्यावरही नाही, तिथे गाडी घालायला बंदीच आहे. आणि काकांच्या ८०० चं आरसी बुक रद्द करून घेतलं का? कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची मोडीत काढली की मालकाने १४ दिवसांत कळवायचं असतं. इंजिन नंबर अजून काकांच्या नावावर आहे, हे विसरू नका.


बोंडूवाला:

तीन आठवड्यांनी येतोय, माफी असावी. मध्ये चार दिवस वीज नव्हती आणि वेल्डिंग बंद.

ठोकळा सरळ करून पुढे घेतला. केबल लावल्या, आणि भाकीत खरं ठरलं: पहिला टाकला की दुसरा पडायचा, तिसऱ्याला चौथा. लिव्हरवरची केबल खालून वर घेतली, सुटला प्रश्न. काकांनी कागद आरटीओत नेऊन दिले, नेताना गाडीच्या चाकांना शेवटचा नारळ फोडला. हातमोजा काकूंचा, भांडी घासायचा, गुलाबी.

काल पाऊस उघडला तेव्हा अंगणात चालवली. पहिल्यात पुढे गेली, रिव्हर्समध्ये मागे. मी रिव्हर्समध्येच अंगणाला तीन फेऱ्या मारल्या. चाकं सध्या ८०० चीच आहेत, १३ इंची शोधतोय. दोन हातब्रेकचं काम बाकी आहे. लिव्हर कोणत्या गाडीचे घेऊ ते रानवाटताईंनी सांगावं, सीटच्या उजवीकडे जेमतेम वीतभर जागा उरलीय.

ॲक्सलच्या मागे इंजिन होतं ती जागा आता रिकामी झालीय. आज सकाळी बघतो तर दादांनी तिथे बोंडूचे दोन क्रेट बसतील एवढं कडं वेल्ड करून ठेवलंय. विचारलं, तर म्हणाले, मी आधीपासून हेच सांगत होतो.