कॅन्सर विभागाच्या बैठकीला बोलावलंय, पण ह्यांना बोलता येत नाही. आधी काय मागून घ्यावं?

मंगळवारपेठकर:
आमच्या ह्यांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. आता तब्येत बरी आहे, पण जीभ अर्धी काढल्यानं बोललेलं घरच्यांशिवाय कुणाला कळत नाही. खिशात वही-पेन असतं, लिहून दाखवतात.

उपचार झाले तिथून सिस्टरांचा फोन आला. पेशंट आणि नातेवाइकांचा गट करतोय, सेवेत काय सुधारायचं ते सांगा, दोघंही या म्हणाल्या. बोलावणं मनापासूनचं वाटलं.

सांगण्यासारखं पुष्कळ आहे. केसपेपरच्या खिडकीवर दर वेळी "मोठ्यानं बोला" म्हणायचे. हे वही काचेला लावायचे, आतला माणूस कॉम्प्युटरकडं बघत असायचा आणि मागं रांग ओरडायची. फाईलवर "बोलता येत नाही" एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. नाकातल्या नळीतून पेज कशी द्यायची ते मला शेजारच्या कॉटवरच्या पोराच्या आईनं शिकवलं. घरी सोडताना हातात साधा कागदसुद्धा दिला नाही.

हे मी सांगेन. पण भोगलंय ह्यांनी, आणि चार माणसं एकदम बोलायला लागली की हे वही मिटून ठेवतात. ह्यांचं म्हणणं तिथं पोचावं म्हणून काय करावं? अशा गटात कुणी बसलंय का?

भुदरगडची आशा:
ताई, जावाच. आपल्या राज्यात 2007 पासून आरोग्य सेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यात जनसुनवाई असायची. लोक समोर उभं राहून विचारायचे आणि अधिकाऱ्याला तिथंच उत्तर द्यावं लागायचं. तक्रारपेटीत चिठ्ठी टाकून तसं होत नाही.

बैठकीचे प्रश्न आधी लेखी मागून घ्या, म्हणजे दादा घरी निवांत उत्तरं लिहितील. आणि वेळेचं बघा. सकाळी दहाला बैठक ठेवली तर पाटगावकडचा माणूस पोचणार कसा? हजेरी बुडते, भाडं पदरचं. ओपीडीच्या दिवशी ठेवा आणि एसटीचं भाडं द्या म्हणावं, नाहीतर गटात सगळे शहरातलेच येतील.

निवृत्त सिस्टर:
इंग्लंडमध्ये ल्युटनच्या हॉस्पिटलात 2005 च्या सुमारास डोकं-मानेच्या कॅन्सरच्याच विभागात एक पद्धत वापरली, ती तुम्हाला उपयोगी पडेल. आधी पेशंटच्या मुलाखती चित्रित केल्या. मग पेशंट आणि स्टाफनं एकत्र बसून त्या बघितल्या आणि काय बदलायचं ते दोघांनी मिळून ठरवलं. तुमच्या ह्यांचा घरीच व्हिडिओ करा. ते लिहितायत, तुम्ही वाचताय, घाई नाही. बैठकीची सुरुवात त्यानं करायला सांगा. मात्र तो कुठं दाखवणार हे आधी लिहून घ्या.

स्टाफवर राग धरून जाऊ नका एवढी विनंती. खिडकीवरच्या मुलाला कुणी शिकवलेलंच नसतं.

कागलकर:
आई गेली माझी. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला टाटा हॉस्पिटलला जायचो. एकदा इथून ब्लॉक आणि स्लाइड (तपासणीसाठी काढलेल्या गाठीच्या तुकड्याचे नमुने) न्यायच्या राहिल्या, कारण त्या लागतात हे कुणी बोललंच नव्हतं. अशा गटात बरे झालेले पेशंटच बोलावतात. ज्यांचं माणूस वाचलं नाही त्यांनाही बोलवा म्हणून सांगा. शेवटच्या महिन्यात मॉर्फिन कुठं मिळेल, रात्री दुखायला लागलं तर फोन कुणाला करायचा, हे आम्हीच सांगू शकतो.

आणि कुठलं काम कुणी, कधीपर्यंत करायचं ते लिहून घ्या. पुढच्या बैठकीत आधी तेच वाचायचं.

मंगळवारपेठकर:
सगळ्यांचे आभार. ह्यांना वाचून दाखवलं. व्हिडिओला तयार आहेत, पण खिडकीवरच्या माणसालाही बैठकीला बोलवा असं त्यांनी वहीत लिहिलंय. सिस्टरांना उद्या फोन करते. प्रश्न लेखी, भाडं आणि ओपीडीचा दिवस, तिन्ही मागते. कागलकर, तुमचं म्हणणंही घालते त्यात. आशाताई, तुमच्या भागातलं कुणी यायला तयार असेल तर मला मेसेज करा, नावं त्यांना आधी द्यावी लागतील.