शब्दचर्चा : आस्तिक, नास्तिक, भाविक... यांतल्या कुणाला धर्म 'कळतो'?

पाटीपेन्सिल
एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. विषय असा, की धर्म मानणाऱ्यांना धर्माची माहिती जास्त असते की न मानणाऱ्यांना. सुरुवात अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरच्या २०१० सालच्या पाहणीने केली आहे. साधारण ३,४०० जणांना फोनवर धर्माविषयीचे ३२ प्रश्न विचारले. सरासरीने १६ उत्तरं बरोबर आली. सगळ्यात पुढे कोण, तर देव नाकारणारे आणि 'देव आहे की नाही ते सांगता येत नाही' म्हणणारे. त्यांची सरासरी २०.९. त्यांच्या मागोमाग ज्यू २०.५ आणि मॉर्मन (अमेरिकेतच निघालेला एक ख्रिस्ती पंथ) २०.३. प्रोटेस्टंटांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना मार्टिन ल्यूथर ओळखता आला नाही, म्हणजे ज्याच्यामुळे आपण प्रोटेस्टंट तोच माहीत नाही. प्रार्थनेतली भाकरी आणि द्राक्षारस प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, ही चर्चची शिकवण ४५ टक्के कॅथलिकांना ठाऊक नव्हती.

आकडे लिहून झाले, पण शब्दांपाशी अडलो. संपादक म्हणतात, "आस्तिक विरुद्ध नास्तिक लिहा, सरळ आहे." मला ते सरळ वाटत नाही. ज्यू आणि मॉर्मनही आस्तिकच ना? मग 'नास्तिक जिंकले' हे शीर्षक कसं देणार? शिवाय 'धर्म कळणे' म्हणजे ल्यूथर ओळखणे का? जाणकारांनी शब्द सुचवावेत.

व्याकरणवेडा
मुळापासून बघू. पाणिनीचं सूत्र आहे 'अस्तिनास्तिदिष्टं मतिः' (४.४.६०). 'अस्ति' अशी ज्याची मती तो आस्तिक, 'नास्ति' अशी मती तो नास्तिक, आणि 'दिष्ट' म्हणजे दैव आहे अशी मती असलेला तो दैष्टिक. (हा तिसरा मराठीपर्यंत पोचलाच नाही. त्याला आपण दैववादी म्हणून मोकळे होतो.)

आता गंमत पाहा. काय 'अस्ति' हे सूत्रात सांगितलेलंच नाही. ती जागा रिकामी आहे. काशिका या पाणिनीवरच्या जुन्या टीकेच्या कर्त्यांनी तिथे परलोक बसवला. मनुस्मृतीने 'नास्तिको वेदनिन्दकः' म्हणून वेद बसवला. आज आपण देव बसवतो. त्यामुळे कुमारिल भट्टांचा सगळा घोटाळा होतो. ते मीमांसक, वेदाचे कडवे पाठीराखे, म्हणून जुन्या हिशेबाने पक्के आस्तिक. पण जग निर्माण करणारा ईश्वर त्यांना मान्य नाही, म्हणून आजच्या हिशेबाने नास्तिक. सांख्यसूत्रांतही 'ईश्वरासिद्धेः' आहेच.

जैन आचार्य हरिभद्रांनी तर षड्दर्शनसमुच्चयात बौद्ध आणि जैन यांनाही आस्तिकवाद्यांत धरलं आणि बाहेर ठेवलं एकट्या लोकायताला, म्हणजे चार्वाकाच्या जडवादाला. वेदवाल्यांच्या यादीत हेच दोघे नास्तिक! थोडक्यात, यादी कुणी केली ते आधी विचारायचं.

त्रिशरण
व्याकरणवेडा, पालीतही हेच आहे. सामञ्ञफलसुत्त या बौद्ध सुत्तात बुद्धाच्या काळातला जडवादी अजित केसकंबली म्हणतो, 'नत्थि दिन्नं, नत्थि यिट्ठं, नत्थि हुतं'. दान नाही, यज्ञ नाही, हवन नाही, म्हणजे त्यांचं फळ नाही. 'आहे' म्हणणाऱ्यांना तो 'अत्थिकवाद' बोलणारे म्हणतो आणि त्यांचं बोलणं पोकळ ठरवतो. बौद्धांच्या लेखी ही झाली मिथ्या दृष्टी. म्हणजे ज्यांना वैदिकांनी नास्तिक म्हटलं, त्यांचेही स्वतःचे नास्तिक होतेच.

लेखात भारतातला आकडाही घ्या. प्यूनेच २०१९-२० मध्ये भारतात सुमारे ३०,००० लोकांशी बोलून पाहणी केली. ९७ टक्के लोक देव मानतात असं निघालं. बौद्धांमध्ये मात्र जवळजवळ एक तृतीयांश लोकांनी देव मानत नाही असं सांगितलं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातले तीन चतुर्थांशांहून अधिक बौद्ध महाराष्ट्रातले, तेव्हा ही गोष्ट बरीचशी आपल्याच घरातली आहे. आमच्याकडे बुद्धवंदना होते, पंचशील पाळतात, पौर्णिमा पाळतात. देव नाही. फॉर्मवर आम्ही कुठल्या चौकोनात खूण करायची?

निरीश्वर
मला निकालाचं आश्चर्य वाटलं नाही. जन्माने मिळालेली गोष्ट कुणी तपासत नाही. सोडायची असेल तर तपासावी लागते. नास्तिक माणूस वाचून नास्तिक झालेला असतो. म्हणून त्याला जास्त माहिती. इतकं साधं आहे.

आकडेमोड
निरीश्वर, इतकं साधं नाही. त्याच २०१० च्या पाहणीत 'अमुक असा कुठलाच धर्म नाही' असं सांगणारा एक वेगळा गट होता. त्यांची सरासरी १५.२, एकूण सरासरीपेक्षा खाली. म्हणजे धर्म नसल्याने ज्ञान येत नाही. भांडून बाहेर पडलेला वेगळा आणि कधी आत डोकावलाच नाही असा वेगळा. पाटीपेन्सिल, तुमच्या लेखात या दुसऱ्या गटाला नास्तिक म्हणू नका. 'उदासीन' म्हणा, किंवा सरळ 'धर्माशी देणंघेणं नसलेले'. आपल्याकडे यांची संख्या किती असेल कोण जाणे, पण ते गणपतीत पाच दिवस उत्साहाने आरतीला उभे असतात हे नक्की.

दुसरं. एकूण गुण बाजूला ठेवून फक्त बायबल आणि ख्रिस्ती धर्मावरचे १२ प्रश्न घेतले, तर मॉर्मन ७.९ आणि गोरे इव्हँजेलिकल (बायबलला प्रमाण मानणारे प्रोटेस्टंट) ७.३ असे पुढे जातात. देव न मानणाऱ्यांचा गट तिथे मागे पडतो. त्यांची आघाडी जगातल्या इतर धर्मांच्या प्रश्नांवर आणि धर्माबाबतच्या कायद्यांवर जास्त आहे. शिक्षणाचा हात यात मोठा आहे, पण शिक्षण सारखं धरलं तरी ते, ज्यू आणि मॉर्मन पुढेच राहतात. २०१९ ला पुन्हा पाहणी झाली तेव्हा ज्यू १८.७ वर पहिले होते आणि नास्तिक १७.९ वर दुसरे. एकूण सरासरी १४.२. तेव्हा 'नास्तिक जिंकले' हे शीर्षक एका सालापुरतंच खरं.

माजघर
आरतीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. 'सुखकर्ता दुःखहर्ता'मध्ये 'फणिवरबंधना' आहे. कमरेला नाग बांधलेला तो. निम्मी गल्ली 'फळीवर वंदना' म्हणते. 'संकटी पावावे'चं 'संकष्टी पावावे' होतं, का तर चतुर्थी डोक्यात असते. शुभंकरोतीतली 'दीपज्योती' तर कित्येक घरांत 'दीपक जोशी' झालेली आहे. म्हणणारे सगळे भाविक. अर्थ किती जणांना कळतो ते विचारू नका.

पण हसणाऱ्यांनाही एक प्रश्न. आरतीनंतर जी मंत्रपुष्पांजली म्हणतात त्यात 'नमो वयं वैश्रवणाय कुर्महे' आहे. वैश्रवण म्हणजे कुबेर. गणपतीसमोर उभं राहून आपण कुबेराला नमस्कार करतो. हे भाविकांना माहीत नसतं आणि 'फळीवर वंदना'वर विनोद करणाऱ्या सुधारकांनाही माहीत नसतं.

निरीश्वर
हे मात्र मलाही माहीत नव्हतं. दंडवत.

माजघर
दंडवत कुणाला? :)

गाथापारायण
इतका वेळ वाचत होतो. चर्चा 'आस्तिक-नास्तिक' या नामांवर चालली आहे, माझ्या मते पेच क्रियापदांत आहे. मराठी माणूस देव *मानतो*. उपास, सुतक, सोवळं, कुळाचार *पाळतो*. शास्त्र *जाणतो*. तीन वेगळी कामं आहेत आणि ती एकाच माणसात असतीलच असं नाही. "आम्ही फारसं काही मानत नाही, पण सासूबाई आहेत तोवर नवरात्र पाळतो" हे वाक्य आपल्याकडे कुणालाच विचित्र वाटत नाही. उलट 'धर्मावर विश्वास ठेवणे' हे वाक्य ऐकायला परकं लागतं. आपण माणसावर विश्वास ठेवतो, देवावर श्रद्धा किंवा भाव ठेवतो. धर्मावर काहीच ठेवत नाही, तो पाळतो किंवा बुडवतो.

त्रिशरण यांच्या प्रश्नाचं उत्तर बावीस प्रतिज्ञांच्या भाषेतच आहे बघा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञांत ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव 'मानणार नाही' असं आहे आणि दहा पारमिता (दान, शील असे सद्गुण) 'पाळीन' असं आहे. मानणं सोडलं, पाळणं घेतलं. आस्तिक-नास्तिक या जोडीत हे बसतच नाही.

प्यूने मोजलं ते फक्त जाणणं. तेही परीक्षेत लिहिता येईल इतकंच. हरिपाठाचे सगळे अभंग तोंडपाठ असलेली माळकरी बाई त्या ३२ प्रश्नांत नापास होईल. तिला धर्म कळत नाही असं म्हणायचं का? तुकोबांचं उत्तर रोखठोक आहे: 'वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा । येरांनी वाहावा भार माथां ॥' ज्यांना वेद पाठ होते त्यांच्याच तोंडावर हे म्हटलेलं आहे.

निरीश्वर
क्रियापदांचं पटलं. तुकोबांचं अर्धंच पटलं. 'आम्हांसीच ठावा' हे तुकोबांनी म्हणणं वेगळं आणि आज टीव्हीवरच्या कुणा महाराजाने म्हणणं वेगळं. अनुभव आला त्यालाच कळतं असं एकदा म्हटलं की बाहेरच्याने तपासायचं कसं? प्रश्न विचारणाऱ्याला 'तुला नाही कळायचं' म्हणून गप्प करण्याची ती सोयच होते.

आणि मानल्याशिवाय जाणता येत नाही हेही खरं नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी बघा. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत पारंपरिक पद्धतीने शिकले, धर्मकोशाचं संपादन केलं, पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक. धर्मशास्त्रावर त्यांचा शब्द शास्त्री-पंडितही मानत. आणि वैचारिक बैठक मानवेंद्रनाथ रॉय यांच्या वर्तुळातली, जडवादी. त्यांना कुठल्या खात्यात घालणार?

गाथापारायण
'जाणता' या खात्यात. मराठीत तो जुना आणि मानाचा शब्द आहे, आणि जाणता होण्यासाठी आधी मानावं लागतं अशी अट त्यात नाही. तपासण्याबद्दलचा तुमचा मुद्दा मान्य. पण मग तोच नियम उलटाही लावा. सोवळं म्हणजे नुसता विटाळ आणि कुळाचार म्हणजे नुसता खर्च, इतकंच ज्याला दिसतं तो पाळणाऱ्याला काय कळतंय ते न बघताच निकाल देतो.

व्याकरणवेडा
थोडं विषयांतर, पण लेखाला उपयोगी पडेल. 'पाखंडी' शब्दाची घसरण. अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' म्हणजे कुठलाही पंथ, त्यात निंदा नाही. बाराव्या लेखात तर सगळे पासंड 'बहुस्रुत' व्हावेत, एकमेकांचा धर्म त्यांनी ऐकावा, असं तो सांगतो. म्हणजे पाटीपेन्सिल यांच्या लेखाचा विषय सव्वादोन हजार वर्षांपूर्वी खडकावर कोरून झालेला आहे. पुढे पाखंडी म्हणजे वेदविरोधी झाला आणि आता हिंदी मालिका बघून आपणही तो नुसता 'ढोंगी' या अर्थाने वापरायला लागलो. नास्तिकाला कुणी पाखंडी म्हटलं तर हल्ली नेमकी कुठली शिवी दिली तेच कळत नाही.

मांडवीकाठ
गोव्यातून एक भर. इथल्या ख्रिस्ती कोकणीत धर्मश्रद्धेला 'भावार्थ' म्हणतात आणि श्रद्धावंताला 'भावार्थी'. मराठीत भावार्थ म्हणजे मथितार्थ, तात्पर्य. ज्ञानेश्वरीचं नाव भावार्थदीपिका आहे ते त्याच अर्थाने. मानणं आणि कळणं या दोन टोकांना एकच शब्द नदीच्या दोन काठांवर! मराठी बायबलमध्ये मात्र 'विश्वास ठेवणारे', 'विश्वासणारे' असं येतं. अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांविषयी लिहिताना 'विश्वासणारे' चालेल. मराठी ख्रिस्ती वाचकाला तो शब्द घरचा वाटेल.

माजघर
'भाविक' सरसकट वापरू नका एवढंच माझं म्हणणं. भाविक म्हटलं की पंढरीची रांग आणि 'भाविकांची गर्दी' ही बातमीच डोळ्यांपुढे येते. अमेरिकन मॉर्मन भाविक म्हटला तर त्याच्या हातात टाळ दिसायला लागतो. 'सश्रद्ध' शब्द लेखांत चालतो, बोलण्यात कुणी वापरत नाही. 'देवभोळा' आणि 'धर्मभोळा' यांत तर 'याला कळत नाही' हे आधीच ठरवून टाकलेलं असतं. तुमच्या लेखाचा प्रश्नच 'कुणाला कळतं' असा असताना उत्तर शब्दात आधीच घालून कसं चालेल?

त्रिशरण
तसंच 'श्रद्धा-अंधश्रद्धा' ही जोडीही टाळा. कुणाची श्रद्धा आंधळी हे ठरवण्यात पानं जातील. २०१३ च्या महाराष्ट्रातल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या लांबलचक नावातसुद्धा अंधश्रद्धा हा शब्द नाही. 'अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा' असं आहे. विश्वासापेक्षा कृतीवर बोट ठेवलं आहे, तेच बरं.

पाटीपेन्सिल
मंडळी, आभार. असं ठरवतोय: पाहणीच्या भागात 'देव मानणारे', 'देव न मानणारे', 'सांगता येत नाही म्हणणारे' आणि 'धर्माशी देणंघेणं नसलेले' असे चार गट. ज्यू, मॉर्मन, कॅथलिक ज्याच्या त्याच्या नावाने. आस्तिक-नास्तिक फक्त पाणिनी ते हरिभद्र या परिच्छेदात. मानणे-पाळणे-जाणणे यावर शेवटचा भाग. संपादकांना शीर्षकात 'नास्तिक' हवाच आहे, कारण म्हणे अंक त्याने खपतो.

आकडेमोड
मग शीर्षकात २०१० पण घालायला सांगा.

व्याकरणवेडा
आणि चार गटांत दैष्टिकाला एक ओळ द्या हो. दिवाळी अंकात राशिभविष्य असतंच, वाचक बहुतेक तेच असतील.