मदत हवी आहे: पार्कात मेटल डिटेक्टर वापरायची परवानगी कोण देतं?

मृण्मयी_के
पार्कात मेटल डिटेक्टर फिरवायचा असेल तर परवानगी नक्की कुणाकडे मागायची? कौन्सिलला दोनदा फोन केला. पहिल्या बाईंनी दुसऱ्या खात्याचा नंबर दिला, तिथल्या माणसानं परत पहिलाच दिला. ईमेल केली तर 'दहा कामाच्या दिवसांत उत्तर देऊ' एवढंच आलं. मला दहा दिवस थांबता येणार नाही. डिटेक्टर ओळखीतून मिळतोय. कुणी अशी परवानगी काढली असेल तर प्लीज लवकर सांगा.

पेठेतला_बापू
जपून करा हो. आपल्याकडे १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वर किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. शिवाय शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. गुप्तधनाच्या नादात माणसं गडांवर खड्डे खणतात, आमच्या डोळ्यांदेखत तटबंदीची माती झालीय.

उत्तरवारा
बापूकाका, त्या 'कौन्सिल' म्हणतायत, म्हणजे इकडच्या असाव्यात. ताई, देश कुठला ते आधी सांगा, कारण दर ठिकाणी कायदा वेगळा. मी डब्लिनला असतो. इथे जुन्या वस्तू शोधायला डिटेक्टर वापरायचा तर सरकारची लेखी संमती लागते, १९८७ पासून. बेलफास्टकडे जुन्या वस्तूंसाठी खणायला परवाना लागतो. स्कॉटलंडमध्ये शोधायला हरकत नाही, पण सापडलेल्या पुरातन वस्तूवर हक्क राजसत्तेचा.

मृण्मयी_के
इंग्लंड. मिडलंड्स. साधा कौन्सिलचा पार्क आहे. खजिना वगैरे काही नाही.

टिकाव_फावडं
केंटमध्ये सहा वर्षं हा छंद करतोय, म्हणून सांगतो. इंग्लंडमध्ये मूळ नियम एकच: जमीन ज्याची, परवानगी त्याची. पार्क सगळ्यांना खुला असला तरी मालक कौन्सिल. काही कौन्सिलं परवाना देतात, काहींची सरसकट बंदी. लंडनच्या रॉयल पार्क्समध्ये तर नाहीच, थेम्सच्या काठावर काही शोधायचं तरी पोर्ट ऑफ लंडनचा परवाना लागतो. तुम्ही एनसीएमडीचं, म्हणजे डिटेक्टरवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं, सभासदत्व घ्या, त्यात एक कोटी पौंडांपर्यंतचा विमा येतो. विमा आहे म्हटल्यावर कौन्सिलचा माणूस निदान ऐकून घेतो. आणि १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट वाचून ठेवा. ३०० वर्षांपेक्षा जुनं सोनं-चांदी सापडलं तर १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे इथल्या चौकशी अधिकाऱ्याला, कळवायचं.

सुमेधा_एम
टिकावदादा, तिनं खजिना नाही म्हणून सांगितलंय. मृण्मयी, काही हरवलंय का तुझं? तसं असेल तर सगळं प्रकरणच बदलतं.

मृण्मयी_के
हो. मंगळसूत्र. रविवारी मंडळाची सहल होती, मुलांबरोबर लंगडी खेळताना तुटलं. घरी येईपर्यंत लक्षातच आलं नाही. परत जाऊन अंधार पडेपर्यंत गवत चाचपलं. नऊ काळे मणी आणि साखळीचा बोटभर तुकडा मिळाला. दोन्ही वाट्या नाहीत. माहेरची वाटी आजीच्या पाटल्या मोडून केलेली आहे.

शांताआत्या
बाळ, तुटलं म्हणू नये, वाढवलं म्हणावं. घरात दुसरं असेल तर घाल, नाहीतर काळी पोत तरी घाल. सापडेल गं.

उत्तरवारा
आत्या, ती आधीच हवालदिल झालीय. हे आत्ता सांगायलाच हवं का?

शांताआत्या
मी तिला धीर द्यायलाच लिहिलं. माझं वाढवलं होतं तेव्हा माझ्या सासूनं हेच शब्द वापरले होते आणि मला बरं वाटलं होतं.

मृण्मयी_के
आत्या, मला राग नाही आला.

टिकाव_फावडं
आता नीट सांगतो. मण्यांची आशा सोडा. काच आहे, डिटेक्टरला दिसत नाही. बारीक साखळीही फसवते. यंत्राला सबंध साखळी दिसत नाही, एकेक कडी वेगळी दिसते आणि एवढ्याशा कडीचा आवाज येत नाही. वाट्या मात्र भरीव पत्र्याच्या, त्या बोलतील. पण यंत्र सोन्याला जो आकडा दाखवतं तो चॉकलेटच्या चांदीत आणि कॅनच्या कड्यांत मिसळतो, म्हणून 'कचरा गाळा' ही सोय बंद ठेवा आणि प्रत्येक आवाज बघा. कॉइल, म्हणजे जमिनीवर फिरवायची थाळी, लहान घ्या.
अर्जात 'मेटल डिटेक्टिंग' हा शब्द वर टाकू नका, त्या शब्दाला छापील नकार तयार असतो. 'हरवलेला दागिना शोधणे, खणणार नाही, वस्तू गवताच्या वरच आहे' असं लिहा. आणि आजच्या आज विचारा की गवत कधी कापणार. ते यंत्र एकदा फिरलं की वाटीचा चुरा होईल.

भटक्या_जीव
एवढं कशाला? पहाटे पाचला जा, तासाभरात काम होईल. वस्तू तुमचीच आहे.

सुमेधा_एम
अजिबात नको. असल्या चोरून फिरणाऱ्यांमुळेच कौन्सिलं सरसकट नाही म्हणतात. एक विचारते मृण्मयी, पार्कात नेमकं कुठे खेळत होता? तिथे काही जुनं बांधकाम आहे?

मृण्मयी_के
मोठ्या झाडाखाली, टेकाडाच्या पायथ्याशी. टेकाडावर पूर्वी किल्ला होता म्हणे, तसा फलक आहे.

टिकाव_फावडं
हे पहिल्या ओळीत सांगायला हवं होतं! फलक असेल तर ती जागा बहुधा संरक्षित स्मारकात येते. तिथे डिटेक्टर चालवायला कौन्सिलची हो पुरत नाही, १९७९ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेची लेखी संमती लागते. त्यांच्या साइटवर नकाशा फुकट बघता येतो. हद्द कुठून जाते ते आधी बघा.

भटक्या_जीव
त्याच कलमात बचावही आहे. ऐतिहासिक वस्तू सोडून दुसरं काही शोधत होतो हे सिद्ध केलं की गुन्हा नाही.

टिकाव_फावडं
आहे ना. पण तो बचाव तिनं कोर्टात उभं राहून सिद्ध करायचा. मंगळसूत्र हरवलेल्या बाईला तिथवर कशाला न्यायचं?

पेठेतला_बापू
आपल्याकडेही केंद्राच्या संरक्षित किल्ल्यांना अशी आखीव हद्द आणि त्याबाहेर शंभर मीटर बांधकामाला मनाई असते. ती लोकांनी पाळली असती तर…

मृण्मयी_के
नकाशा पाहिला. टेकाड आणि त्याभोवतीचा खंदक हद्दीत आहे. आमचं झाड बाहेर आहे, अंदाजे वीस पावलं. नकाशाची प्रत जोडून, टिकावदादांनी सांगितलं तसं लिहून पार्क बघणाऱ्या अधिकाऱ्यांना परत ईमेल केली. दुपारी त्यांचाच फोन आला. खणायचं नाही, विमा असलेला माणूस सोबत हवा, खंदकाकडे जायचं नाही. बुधवारी सकाळी सात ते नऊ. तेवढ्या तुकड्यातलं गवत कापणं थांबवलंय.

सुमेधा_एम
चला! विम्याचा माणूस मिळाला का? नसेल तर 'दि रिंग फाइंडर्स'वर बघ, हरवलेले दागिने शोधून देणारे असतात तिथे.

मृण्मयी_के
मिळाला. निवृत्त पोस्टमन आहेत, पैसे घेतले नाहीत. दोरी लावून पट्टे पाडले आणि एकेक पट्टा सावकाश चालले. आठ बाटल्यांची झाकणं, एक पेनी, आणि साडेआठला एक वाटी. गवताच्या मुळाशी उपडी पडली होती, आत दव साठलेलं. सासरची आहे. माहेरची अजून नाही. शनिवारी परत वेळ मागून घेतलीय. त्यांची कॉइल मोठी आहे, लहान असती तर बरं झालं असतं म्हणाले. बर्मिंगहॅमच्या आसपास कुणाकडे सहा इंची कॉइल आहे का? यंत्राचं मॉडेल व्यनित (खासगी निरोपात) कळवते.