बायोडेट्यातला 'बांधा': तुमचेही अनुभव लिहा

शेंगाचटणी
काल भाचीचा बायोडेटा टाईप करत बसले होते. उंची झाली, रंग झाला, पुढं 'बांधा'. ताई म्हणाली, मध्यम लिही. भाची मोबाईलमधून मान वर न करता म्हणते, "मावशी, बाजारात न्यायलाव का मला?" हसलो सगळे. पण मला माझे कांदेपोहे आठवले. आईनं गडद निळी इरकल नेसवली होती, का तर त्यात अंग दिसत नाही. ब्लाऊज शिवतानाच टेलरला सांगून ठेवलेलं, आतून दोन बोटं माया ठेव, लग्नापर्यंत पोरगी कुठल्या बाजूला जाईल सांगता येत नाही. मुलाचे काका म्हणाले, "मुलगी खात्यापित्या घरची दिसते." त्यांची स्वतःची दुसरी बशी चालू होती तेव्हा. नंतर नकार आला, पत्रिका जुळत नाही म्हणून.
लिहा गं. जाड, बारीक, सगळ्या लिहा.

काडीपैलवान
बारीक म्हणालीस म्हणून आले. आम्हाला "फुंकर मारली तर उडशील" ऐकावं लागतं, ते कोणाला टोमणा वाटतच नाही. कॉलेजात रक्तदानाला हौसेनं गेले, ४५ किलो तरी लागतं म्हणून काट्यावरूनच परत पाठवलं. ते नियमाचं होतं, राग नाही. मागून वर्गातला एक ओरडला, "हिलाच एक बाटली चढवा!" कुकर झालाय, नंतर येते.

होटगीरोड
मला पीसीओएस आहे, हार्मोन्स बिघडायचा त्रास. पाळी चार-चार महिने नाही, हनुवटीवर केस, वजन वाढायलंय. आणि सगळ्यांचं एकच, "भात बंद कर." डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, आपल्या लोकांत बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की जादा वजन धरतात, २५ पासून लठ्ठपणा, आणि बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत हवी. टेप घेऊन मोजली मी. त्यांनी आकडा सांगितला, पण एकदाही तोंड वाकडं केलं नाही. घरी आले तर जाऊबाई दारातच, "काय म्हणाली? जाडच म्हणाली ना?"

नवीपेठकर
मुलांनाही टकलावरून बोलतात की ओ.

शेंगाचटणी
दादा, त्याचा वेगळा धागा काढा, आम्ही येऊ वाचायला.

अक्का_पूर्वभाग
आमच्या अत्तम्मा, म्हणजे सासूबाई, बिड्या वळायच्या. मांडीवर सूप घेऊन हजार बिड्या होईपर्यंत उठायचं नाही. कंबर, गुडघे, सगळं गेलं. वजन वाढलं ते त्या बसण्यानं. लग्नात फोटो काढताना "अम्मा, तुम्ही मागं उभ्या राहा, फ्रेममध्ये मावत नाही" म्हणाला तो पोरगा. त्या खरंच मागं गेल्या. मी हात धरून पुढं आणल्या, पण फोटोत त्या हसल्या नाहीत.

काडीपैलवान
अक्का 🙏

होटगीरोड
आणि पुरुषांचं बघा. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदीच्या, त्या पांढऱ्या अंगरख्याच्या, गाठी पोटावर ताणलेल्या असतात, कोणी हू की चू करत नाही.

नवीपेठकर
ओ ताई, यात्रेतले नंदीध्वज म्हणजे उंच जड काठ्या, त्या पेलायला ताकद लागते.

होटगीरोड
पेलणाऱ्यांना कोण म्हणतंय! बाजूला नुसते फिरतात त्यांचं बोलायलेय.

सातरस्ता
सगळं खरं, पण वजन वाढलं की शुगर-बीपी मागं लागतंच ना? लोक काळजीनं बोलतात.

शेंगाचटणी
काळजीवाल्यांपैकी एकानंही मला शुगर तपासायला नेलं नाही कधी. हळदीत चारचौघांत दंडाला चिमटा मात्र काढला. साखर तर बारीक माणसालाही होते, आमच्या वडिलांना होती. गोऱ्या रंगाचंही तेच. क्रीमवाल्यांनी २०२० साली नावातलं 'फेअर' काढलं, आपल्या बायोडेट्यात अजून 'गोरी' चालूच.

सातरस्ता
चिमट्याचं पटलं.

डबेवाली_काकू
मी सगळं वाचलं नाही, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. सुनेनं डाएटसाठी कडक भाकरी मागवलीय पुण्याला. पार्सलमध्ये टिकते का गं?

अक्का_पूर्वभाग
आरामात टिकते काकू. डब्यात ओल नको फक्त. आणि चटणी वेगळी बांधा, तेल सुटतं.

डबेवाली_काकू
बरं. लोणीपण मागितलंय तिनं. डाएट म्हणे.