रोज दहा इंग्रजी शब्द पाठ करून धंदा कळतो का?

भोसरीचा_टर्नर: आमच्या उद्योजक ग्रुपवर एका बिझनेस कोचची पोस्ट फिरतेय. ‘मराठी उद्योजक इंग्रजीमुळे मागे पडतो. स्ट्रॅटेजीचे दहा शब्द रोज पाठ करा.’ खाली यादी: सिनर्जी, कोअर कॉम्पिटन्सी, व्हॅल्यू चेन. डोकंच फिरलं. चाकणच्या कंपनीचा परचेसवाला मला सायकल टाइम, म्हणजे एक पार्ट बनायला लागणारा वेळ विचारतो, आरएम (कच्चा माल) रेट कुठल्या महिन्याचा धरलाय ते विचारतो, स्क्रॅपची वजावट विचारतो. सिनर्जी आजवर एकानेही विचारलेली नाही. वडिलांनी मोडक्यातोडक्या हिंदीत हे वर्कशॉप उभं केलं. असल्या याद्या विकणाऱ्यांनी आधी एक कोटेशन बनवून दाखवावं.

मीनल_कोथरूड: साफ चूक. माझ्या भावाने गिऱ्हाईक कंपनीच्या लाँग टर्म अ‍ॅग्रीमेंटवर सही केली. त्यात ‘इयर ऑन इयर प्राइस रिडक्शन’चं कलम होतं. त्याला वाटलं, नेहमीचा मसुदा असेल. आता मजुरी चढते, वीज चढते आणि याचा रेट दरवर्षी उतरतो. इंग्रजी शब्दांची गरज नाही म्हणणाऱ्यांनी त्याच्यासमोर येऊन बोलावं.

भोसरीचा_टर्नर: ताई, ते करारातलं इंग्रजी झालं. मी स्ट्रॅटेजीबद्दल बोलतोय.

मीनल_कोथरूड: ही स्ट्रॅटेजीच आहे! सगळं शॉप एकाच गिऱ्हाइकावर चालत असेल तर रेट तोच ठरवणार. हार्वर्डचा स्ट्रॅटेजीचा प्राध्यापक मायकेल पोर्टर, त्याने १९७९ साली धंद्यातल्या स्पर्धेच्या ज्या पाच शक्ती मांडल्या, त्यातली एक हीच, बायर्सची बार्गेनिंग पॉवर, म्हणजे गिऱ्हाइकाची भाव पाडून घ्यायची ताकद. भावाला हे आधी कळलं असतं तर त्याने दुसरं गिऱ्हाईक शोधलं असतं.

पिंपरी_वेंडर: पोर्टर राहू द्या बाजूला. पेमेंटचं बोला. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात पैसे द्यायची मुदत लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, नसला तर १५. आम्हाला मात्र सर्रास ९० दिवसांनी मिळतात.

सहकारनगर_अकाउंट्स: २०२३ च्या फायनान्स अ‍ॅक्टने आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आणलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल त्या मुदतीत दिलं नाही, तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च वजा करता येत नाही. उशिराचं व्याज वेगळं: रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. सरकारी पोर्टलवर तक्रार का करत नाही?

पिंपरी_वेंडर: केबिनमध्ये बसून बोलणं सोपं आहे हो. तक्रार केली की पुढचं शेड्यूल, म्हणजे ऑर्डर, शून्य. शेजारच्या गाळ्यात झालेलं पाहिलंय. पोरं बसून होती त्याची.

सहकारनगर_अकाउंट्स: मग आयुष्यभर ९० दिवस थांबा. निदान मेलवर व्याजाचा हिशोब तरी मागा. तेवढ्याने शेड्यूल जात नाही.

पिंपरी_वेंडर: तुमचं कधी गेलंय का? नाही ना? मग हमी देऊ नका.

मीनल_कोथरूड: भांडू नका. तो मेलही इंग्रजीतच लिहावा लागतो, एवढंच मी सांगतेय.

भोसरीचा_टर्नर: बरं. करार आणि मेलपुरतं मान्य. पण कोचची यादी नको. गिऱ्हाइकाचे जुने मेल काढायचे, अडलेल्या शब्दांवर खूण करायची आणि प्रत्येक शब्द आपल्याच पार्टच्या कॉस्टिंगवर लावून बघायचा. ‘मार्जिन’ पाठ करणारे खूप आहेत. जॉबवर्कचा, म्हणजे बाहेरून करून घेतलेल्या कामाचा खर्च वजा केल्यावर हातात किती उरतं, ते सांगता आलं पाहिजे.

मीनल_कोथरूड: कोच हे शिकवत असता तर मीच फी भरली असती. भावाचं अ‍ॅग्रीमेंट रिन्यूअलला येतंय. रिडक्शनचं कलम आरएम रेटला बांधून घ्यायचं तर काय लिहायचं?

भोसरीचा_टर्नर: कलम इथे टाका, कंपनीचं नाव खोडून. रात्री शॉप बंद झालं की बघतो.